घराचं नाव मी विसरलो नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. घरांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका छोट्या कचेरीत, खिडकीशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. नवा होतो तेव्हा माणसं चपला बाहेर काढून मला बघायला येत. पुढे वय झालं. माझा पंखा सुरू झाला, की वरच्या मजल्यावरचे साहेब विमान आलं म्हणून खिडकीत धावत. पाठ तर इतकी तापे, की कारकूनकाका तिच्यावर डबा ठेवत आणि मग फुंकर मारमारून जेवत. खोटं वाटत असेल तर काकांची भाजलेली जीभ बघा.

मग सरकारने ब्लॉकचेन आणली. नाव भारदस्त, गोष्ट साधी. घर कोणाचं, ही नोंद पूर्वी मुख्य कचेरीतल्या एकाच यंत्रात असे. आता तीच नोंद मुख्य कचेरी धरून सातही कचेऱ्यांच्या संगणकांत राहू लागली, जुनीला नवी जोडलेली, साखळीसारखी. एका मावशीच्या कानात सांगितलेलं उद्या फिरवता येतं. सात मावशांना सांगितलेलं कोण फिरवणार? सातवी मावशी मी.

तरीही मला भंगारात काढायचं ठरलं. भंगारवाला दारात उभा राहिला, त्याच सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक काकू कचेरीत आल्या. मागोमाग त्यांचा दीर, हातात नवंकोरं कुलूप.

"वहिनी, दादा गेला, आता घर माझ्या नावावर झालंय," दीर म्हणाला. "मुख्य कचेरीत बघून आलोय."

"मला न विचारता घर तुमच्याकडे चालत आलं का?"

साहेबांनी फोन लावला. मुख्य कचेरीच्या पडद्यावर खरंच दिराचं नाव होतं. तिथल्या कोणाला तरी हाताशी धरून त्याने ते बदलून घेतलं होतं. माझ्या पडद्यावर मात्र काकूंचंच.

"हे डबडं चुकतंय. काढा प्लग," साहेब म्हणाले.

काकांचा हात प्लगपाशी गेला. मी जीव खाऊन पंखा फिरवला. भंगारवाल्याची टोपी उडून जिन्यात पडली.

"साहेब, इतरांना विचारू की," काका म्हणाले. "साखळी कशाला बांधली मग?"

त्यांनी बटण दाबलं. एका कचेरीचं उत्तर आलं: काकू. दुसरीचं: काकू. बघता बघता उरलेल्या पाचही ठिकाणांहून काकूच आल्या. बदललेल्या कडीची मागच्या कडीशी सांगड बसेना, तेव्हा साखळीने ती झटकून टाकली. मुख्य कचेरीच्या पडद्यावरही काकूंचं नाव परत झळकलं.

दीर कुलूप खिशात घालू लागला.

"राहू द्या भाऊजी," काकू म्हणाल्या. "माझ्या दाराला होईल."

भंगारवाला टोपी घेऊन रिकाम्या हाताने गेला. साहेबांनी स्वतःच्या रुमालाने माझी धूळ पुसली, आणि मी असा फुगलो, की टेबल दोन बोटं खचलं.

मित्रांनो, आम्हाला ओल्या फडक्याने पुसू नका, तेवढं सांभाळा. आणि कुणा जुन्याचा प्लग काढण्याआधी त्याला काय आठवतंय, ते एकदा विचारा. त्या आठवणीत कुणीतरी राहत असतं.