खोली न मिळालेली माणसं

मित्रांनो, मी एक जुनं झेरॉक्स मशीन आहे आणि माझ्या पोटात माणसं राहत होती. माझ्या काचेवर पालथा ठेवलेला कागद छापून निघे, पण त्याची सावली माझ्यात मागे उरे.

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे रावजी भाड्याच्या खोल्या मिळवून देतात. त्यांच्या दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली. छपाई किती स्वच्छ, असं येणारा प्रत्येकजण म्हणे आणि मला धन्य वाटे. खोली बघायला आलेल्यांची आधार कार्डं, पगाराच्या स्लिपा, घरच्यांची नावं रावजी आधी घेत. खोली मागाहून दाखवत.

एकदा वैष्णवी आली. खेडचं सासर सोडून, लेकीला घेऊन आलेली. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात नुकतीच कामाला लागलेली. आपला ठावठिकाणा कुणाला कळू नये, एवढीच तिची धडपड. खोली बघायच्या आधी इतके कागद कशाला, असं तिने विचारलंही. सगळेच देतात गो, म्हणत रावजींनी ते माझ्या काचेवर ठेवले. तिच्या सानवीचं शाळेचं ओळखपत्रसुद्धा. बाई एकटी म्हणून खोली मिळाली नाहीच. पुढे मैत्रिणीच्या ओळखीने तिने दुसरीकडे भाड्याने घर घेतलं.

काही महिन्यांनी ती परत आली, पांढरीफटक. शाळेच्या फाटकाशी एक अनोळखी माणूस उभा राहतो, असं ती सांगत होती. तो हसतो आणि सानवीला नावाने हाक मारतो. काल तो पोरीला म्हणाला, "आई मिरजोळ्यासून उशिरा येते ना? चल, मी सोडतो."

"रावजी, त्याला हे कोणी सांगितलं?"

रावजी म्हणाले, कागद केव्हाच फाडले. ते खरं होतं. पण फाडण्याआधी त्यांनी ते मोबाइलवरून घरमालकांना पाठवले होते.

तेवढ्यात गेलेली वीज आली. कोणी बटण दाबलं नव्हतं, तरी माझ्यातून कागद येऊ लागले. आधी सानवीचा चेहरा. मग वैष्णवीचा. मग एक म्हातारा, एक नवं जोडपं, कॉलेजातल्या मुली. खोली न मिळालेली माणसं एकामागून एक फरशीवर पडत होती आणि सगळी रावजींकडे बघत होती. त्यांनी वायर उपटली. शेवटचा चेहरा अर्धाच बाहेर आला, एकाच डोळ्याचा.

रावजींनी फरशीवरचा सानवीचा कागद उचलला. "मीच पाठवले गो," ते म्हणाले. "चल, पोलिसांत सांगतो."

दोघं गेली. रावजींनी मोबाइल दाखवला आणि फाटकाशी उभा राहणारा तो माणूस त्या घरमालकांतलाच निघाला. तो पकडला गेला. तिचे कागद त्याने आणखी पुढे पाठवले होते. कुणाकुणाला, ते आठवत नाही म्हणाला.

रावजींनी माझं पोट पुसून घेतलं. आता खोली पसंत पडून ठरल्यावरच ते कागद मागतात, तेही लागतील तेवढेच. माझ्यात कुणी उरत नाही.

मित्रांनो, कोणी तुमच्या घरचा कागद मागितला, तर तो कशाला हवा आणि पुढे कुठे जाणार, हे विचारायला लाजू नका. पुसता येतं ते माझ्यातलं. बाहेर गेलेलं कुठे हिंडतंय, मला ठाऊक नाही. वैष्णवी परवा सांगत होती, रस्त्यात कोणी नावाने हाक मारली, तर सानवी आता वळून बघत नाही.