तांब्याची वेडीवाकडी नक्षी

तंकमणी टीचरनी तांब्याची नक्षी छापलेली पाटी उजेडात धरली आणि नाक मुरडलं.

"हे काय गं, जीशा? झुरळांनी कुरतडलंय की काय?"

"न्यूरल नेटवर्कनं काढलंय, टीचर. मी फक्त छापलं."

कोचीच्या त्या प्रयोगशाळेत टीचरनी उभी हयात छापील अँटेना घडवले होते. सरळ चौकोन, स्वच्छ वर्तुळं, एकेका रेघेमागे गणित. या पाटीवर मात्र तांब्याचे चार तुकडे होते, चारही फाटक्या पानांसारखे. जीशानं हजारो आकार आणि त्यांचे गुण नेटवर्कला शिकवले होते. डोलणाऱ्या होडीवरूनही उपग्रहाशी संपर्क तुटू नये, एवढंच मागितलं होतं. त्यानं हे दिलं.

बाहेर बाकावर मच्छीमार सेबास्टियन बसला होता. त्याच्याच बोटीवर चाचणी व्हायची होती. गेल्या वादळात त्याच्या धाकट्या भावाचा समुद्रावरून आलेला शेवटचा निरोप अर्ध्यातच तुटला होता.

भिंतीभर रेडिओलहरी गिळणारे काळे सुळके लावलेल्या चाचणीच्या खोलीत पाटी हळूहळू कलू लागली. बाहेर पडद्यावरच्या सिग्नलच्या रेघेचा टीचर बोटानं माग काढत होत्या. त्यांचे अँटेना जिथे मान टाकायचे, तो कोन आला, गेला. रेघ ढळली नाही.

टीचरनी आत जाऊन एका कोपऱ्यातल्या केसाएवढ्या फटीवर तांब्याची चिकटपट्टी लावली. रेघ कोसळली. पट्टी काढली, रेघ पुन्हा वर. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा काढली. मग पाटी उतरवून घेतली आणि त्या फटीवर नख टेकवलं.

"ही फट इथंच का?"

"माहीत नाही, टीचर. ते सांगत नाही."

"मलाही नाही सांगता येणार. केवढं शोधायचं राहून गेलं होतं गं, या एवढ्याशा तांब्यात!"

सेबास्टियन दारात आला.

"नेऊ का, टीचर? चालतंय ना?"

"चालतंय. का चालतंय, ते कळत नाही."

तो घुटमळला. "मग माणसं घेऊन जाऊ की नको?"

टीचरनी पाटी पदरानं पुसली, छातीशी धरली. पाण्याच्या भीतीनं इतक्या वर्षांत फेरीबोटीतही त्या कठडा सोडत नसत.

"आणखी एकीला जागा होईल का रे तुझ्या बोटीत?"