मिसाओच्या टेबलावरचा आरसा

मी एक जुना आरसा आहे. गोल, तळहाताएवढा, कडेला थोडा गंजलेला. मित्रांनो, कारखान्यात माझ्या काचेला रुपेरी लेप बसला तेव्हा मला वाटलं होतं, आपलं आयुष्य पावडर नि लाली बघण्यात सुखाने जाईल. पण मला विकत घेतलं ताकिगावा मिसाओने. तोक्योतल्या एका लहानशा कार्टून स्टुडिओत ती चेहरे काढायची. तिने मला टेबलावर टेकवलं आणि माझ्याकडे बघून दात विचकले. मी घाबरलोच. मग कळलं, या धंद्यात सगळेच असं करतात. रागावलेला चेहरा काढायचा तर आधी स्वतः रागवायचं, आरशात बघायचं आणि तेच कागदावर उतरवायचं.

चित्रातले केस ती शेवटी काढायची. आधी टाळूवरचा भोवरा, मग त्यातून निघणाऱ्या बटा. "चेहरा आधी दचकतो, केस मागाहून," ती शेजारच्या टेबलावरच्या बाईला सांगायची.

सगळ्यांची चित्रं तपासणारे ओगुरोसान जाता-येता तिला चिडवत. "ताकिगावा, आज कोणाला खाणार आहेस?"

"तुम्हाला. पण नुसती हाडंच आहेत."

तरी अवघड हसू असो की रडू, ते तिच्याच टेबलावर येई. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग तो हिवाळा आला. मालिका टीव्हीवर दाखवायची तारीख डोक्यावर होती. मिसाओ टेबलाशीच भाताचे गोळे खायची, टेबलाखालीच झोपायची. स्टुडिओभर सर्दी पसरली होती, म्हणून प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. ती मास्क काढायची फक्त माझ्यासमोर. त्या दिवशी हरवलेली आई सापडलेल्या मुलीचं हसू काढायचं होतं. मिसाओ हसली. तिच्या ओठांचं एक टोक वर गेलं, दुसरं हललंच नाही.

"थंडीने गाल बधिर झालाय," ती पुटपुटली. चहा ओठांच्या कडेने गळला, तो तिने बाहीने पुसला. आणि नेहमीच्या सवयीने जे माझ्यात दिसलं, तेच काढलं.

ओगुरोसान तिच्या चित्रांचा गठ्ठा घेऊन परत आले. "पोरगी हसतेय की दाढ दुखतेय हिची?"

"मला आरशात तसंच दिसलं, ओगुरोसान."

"मग आरसा बदल."

मला इतकं लागलं ते! त्यांनी प्रत्येक चित्रावर दुरुस्तीचा पातळ पिवळा कागद ठेवून त्यावर ओठांचं पडलेलं टोक वर उचलून काढलं. एवढी चित्रं सुधारली, पण मान वर करून समोरच्या मास्ककडे एकदाही पाहिलं नाही. मिसाओने मला पुसलं आणि पुढचं चित्र घेतलं.

तारीख पाळली गेली. त्यानंतर ती डॉक्टरकडे गेली. लगेच आली असती तर चेहऱ्याची नस बहुधा सावरली असती, आता फारशी आशा नाही, असं ते म्हणाले. हे तिने टेबल आवरताना शेजारच्या टेबलावरच्या बाईला सांगितलं. तिचा एक डोळा नीट मिटत नव्हता. मला तिने खणात पालथं ठेवलं, ती गेली, आणि पुन्हा आली नाही.

पुढे केव्हातरी, तिच्या आजाराचं कानावर आल्यावर, ओगुरोसाननी तो खण उघडला. त्यांच्या हातात तिने काढलेलं त्या मुलीच्या हसण्याचं चित्र होतं, पिवळ्या कागदाशिवायचं. त्यांनी मला उभं केलं, चित्र गालाशी धरलं, स्वतःच्या ओठांचं एक टोक बोटाने खाली ओढलं आणि हसायचा प्रयत्न केला. दोन्ही चेहरे हुबेहूब सारखे दिसले.

"बरोबर काढलं होतंस गं," ते म्हणाले. ऐकायला फक्त मी होतो.

मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. पण शेजारी बसून तुमच्यासाठी राबणाऱ्या माणसाकडे मान वर करून बघत जा. तिच्या ओठांचं टोक पडलेलं मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.