दोन्ही दोर

निपाणीच्या पुढं, माळावरच्या छोट्या विमानतळावर त्या सकाळी एक विमान होतं, एक पत्र्याची शेड, चौदा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आकाशातून पहिल्यांदाच उडी मारणारे चौघं. चौघांत धाकटा दिग्विजय. त्याची बहीण आरोही फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली. आईला, यशोदाबाईंना, घेऊन ती वडगावहून बघायला आली होती.

"आक्का, आईला धरून बस गं," दिग्विजय म्हणाला. "न्हायतर माझ्याआधी तीच पडायची."

"गप रं! लई शाना," आई म्हणाली.

विमान वर गेल्यावर आरोहीनं प्रशिक्षक शिवराजना विचारलं, "कुठं वळायचं ते यांना कसं कळतं?"

"हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. मी इथून सांगतो, डावा दोर, उजवा दोर. जमीन तीन मीटरवर आली की दोन्ही दोर एकदम खाली. आधी ओढले, तर पॅराशूट हवेतच थबकतं आणि माणूस आदळतो."

आरोही खुर्चीतून उठली. "सर, दिग्विजयला रेडिओ ऐकू यायचा नाही."

"काल दिवसभर शिकवलंय त्याला. सगळी उत्तरं बरोबर दिली."

"तुमच्या ओठांकडं बघून."

यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली पोरं ओठ वाचतात, यात त्यांच्या घरी कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. "आमच्यात कोण धड ऐकतंय?" म्हणून आई विषय मिटवायची.

पायलटला थांबवण्यासाठी शिवराजनी वायरलेस उचलला, तेवढ्यात चौथा ठिपकाही विमानातून सुटला. विमानाला बांधलेल्या पट्ट्यानं पॅराशूट आपोआप उघडलं. तिघं सांगितल्याप्रमाणं वळले. चौथा, दिग्विजय, सरळ निघाला. समोर दगडाची खाण होती, सरळ तुटलेली.

"डावा! डावा दोर!" शिवराज रेडिओत ओरडत राहिले.

आरोही मैदानात पळाली आणि डावा हात लांब करून जिवाच्या आकांतानं हलवू लागली. दिग्विजयनं मान वळवली. पॅराशूट डावीकडं झुकलं. खाण मागं पडली, आणि शेडमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता तो वाऱ्याच्या जोरानं थेट मैदानाकडं येत होता. समोर तारेचं कुंपण होतं. त्याच्यावरून तो सहज जाणार, असा आरोहीचा अंदाज होता. पण मागून आई धावत आली. पोरगं तारेवर पडतंय, एवढंच तिला दिसलं. तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि झटक्यात खाली आणले.

माग बंद कर, याची ती खूण. धागा तुटला, बोट अडकलं, काहीही झालं की वडगावच्या शेडमध्ये आई तीच करायची, आणि दिग्विजय विचार न करता बटण दाबायचा. त्यानं आईकडं बघितलं. त्याचे दोन्ही हात खाली आले.

पॅराशूट थबकलं, मागं कलंडलं.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मणका मोडलाय, पायांचं आत्ताच काही सांगता येणार नाही. आई बाकावर बसून होती. तिनं विचारलं, "मी हात केला म्हणून व्हय गं?"

"बघून सांगते," आरोही म्हणाली.

दुसऱ्या एका पोराच्या वडिलांनी मोबाईलवर व्हिडिओ घेतला होता. तो तिनं मागून घेतला, एकेक चित्र थांबवत पुढं नेला. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडाचा खांब चित्रात होता. त्याची उंची तिनं शिवराजना फोन करून विचारली: सहा मीटर. त्या मापानं तिनं तीनदा मोजलं.

दोन्ही दोर ओढले, तेव्हा पायांची जमिनीपासूनची उंची साडेदहा मीटर होती. ओढायचे होते तीन मीटरवर.