रोजच्यासारखं चालायचं

बनाबाईंनी पुतण्याला, सयाजीला, मोटरसायकलसकट गगनबावड्याला पिटाळलं आणि मगच पायात चपला घातल्या.

"आज आम्हास्नी कुनी सोडायचं न्हाय. रातच्याला ये."

सयाजी एरवी कुणाचं ऐकून घेणारा नव्हे, पण चुलतीपुढे त्याची काय टाप! शिवाय घोळ त्यानंच घातला होता. वाडीवर एसटी येत नाही. इथल्या तरण्या माणसाला आणि म्हाताऱ्या बाईला कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचायला किती त्रास पडतो, ते मोजायला शहरातून क्रांती आली होती; तरणी ती स्वतः, म्हातारी बनाबाई. त्रास दिसला, तर वाडीपर्यंत गाडीची मागणी पुढं जाणार. आणि या शहाण्यांनी काय करावं? पाहुणी चालत कशी जाईल, म्हणून सयाजीनं काल दोघींना ट्रिपल सीट फाट्यावर नेलं. एसटीत बायांनी उठून जागा दिली. सगळं कसं झकास! क्रांतीनं कपाळाला हात लावला. असंच निघालं तर गाडी कोण देणार, म्हणाली.

क्रांतीचा आज इथला शेवटचा दिवस. बनाबाईंनाही आजच जायला हवं होतं. त्यांची थोरली बहीण, आक्का, संध्याकाळी कोल्हापूर सोडून लेकाकडं पुण्याला कायमची निघाली होती. त्याआधी भेटायचं, असं दोघी बहिणींचं फोनवर कितीदा तरी ठरलं होतं; काल तर दवाखान्यातूनच माघारी फिरावं लागलं होतं.

उतारावर बनाबाईंचे गुडघे बोलायला लागले. त्या दगडावर टेकायच्या, पुन्हा उठायच्या. त्यांना हात द्यावा असं क्रांतीला फार वाटायचं, पण मोजमाप बिघडेल म्हणून ती हात ओढणीत गुंडाळून ठेवायची.

फाटा दिसला तेव्हा गाडी सुटतच होती. कंडक्टरनं कालची पाहुणी ओळखली आणि घंटी मारून गाडी थांबवली.

"या की मावशी, थांबलोय!"

यानंतरची गाडी थेट संध्याकाळी. मोजणं राहू दे, तुम्ही जा, असं क्रांतीनं परोपरीनं सांगितलं. बनाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"रोज थांबतासा व्हय?" त्यांनी कंडक्टरला लांबूनच विचारलं. "मग आज बी थांबू नगासा. जावा."

गाडी वळणाआड गेली तशी त्या मटकन खाली बसल्या आणि त्यांना हुंदका आवरेना. क्रांतीनं त्यांना जवळ घेतलं. आता मोजायचं काही उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं बनाबाईंनी डोळे पुसले, पिशवीतली फडक्यात बांधलेली भाकरी सोडली, वर खर्डा ठेवला आणि क्रांतीच्या हातात दिली.

"खा बाई. आक्काची हाय."