दोन पंखांची माशी

"अहो, चहाची गाळणी कुठंय?"

शकुबाईंनी खिडकीतून विचारलं. मल्हारी उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हते. फुलावर आलेल्या कोथिंबिरीच्या वाफ्यात ते उकिडवे बसले होते आणि गाळणी एका माशीवर पालथी घातलेली होती.

"दोनच पंख. डोळे हे मोठाले," ते म्हणाले. "ही ती नव्हे, शकू."

"त्या गाळणीतला चहा आता तुम्हीच प्या. मला नाय लागायचा."

'ती' म्हणजे मधमाशी. त्र्याऐंशी सालच्या जयंतीला, बाबासाहेबांच्या फोटोच्या हारासाठी गुलाब तोडताना ती शकुबाईंच्या डोळ्याखाली डसली. कॉलनीची मिरवणूक निघाली, तेव्हा त्या सुजलेल्या तोंडावर पदर घेऊन घरात बसल्या होत्या. तेव्हापासून बाग त्यांची, पाणी मल्हारींचं आणि सूचना खिडकीतून.

म्हणून मल्हारींनी माशा ओळखायला घेतल्या. गंगापूर रोडवर एका प्राध्यापकांनी सायकलवरून न उतरता त्यांना सांगितलं होतं, की चार पंख ती मधमाशी. दोन पंखांची, हवेत एका जागी खिळा मारल्यासारखी थांबणारी, ती नुसती माशी. पट्टे दाखवून धाक घालते, डंख नाही. मल्हारी त्यांचे कायमचे ऋणी झाले. असा प्रकार साहेबलोकांतही असतो, हे त्यांना कचेरीत दिसलं होतं. फक्त तिथं पंख मोजू देत नाहीत.

आज पुन्हा जयंती होती.

"बघ, मुठीत घेतो." त्यांनी गाळणीखालची माशी मुठीत घेतली, कानाशी गुणगुणवली आणि सोडून दिली.

"ती आजारी असंल. दुसरी घ्या."

मल्हारींना उत्साह नडला. गुलाबावरची दुसरी त्यांनी पंख न मोजताच पकडली.

बदलीचा हुकूम हाती पडल्यावर राहायचा, तसाच त्यांचा चेहरा राहिला. "नाही चावत," ते म्हणाले. हात सावकाश खिशात गेला.

खिडकी धाडकन बंद झाली. प्रकरण निकालात निघालं, असं मल्हारींनी धरलं. तोच शकुबाई चिखलातून अनवाणी येऊन शेजारी उभ्या राहिल्या. हातात चुन्याची डबी होती.

"काढा हात बाहेर."

"दोन पंखांचीच होती गं."

"हां. आन् मी कलेक्टर." त्यांनी नखानं काटा खरवडून काढला, वर चुना लावला. "या वयात कुणाला दाखवायची होती ही मर्दुमकी?"

"तुला."

शकुबाईंनी चुन्याची डबी बंद केली. मग आपण कुठे उभ्या आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी बागेवरून नजर फिरवली. "गुलाब लय माजलेत. छाटा म्हणून किती ओरडले!"

तेवढ्यात एक माशी त्यांच्या तोंडासमोर येऊन हवेत थांबली आणि मनगटावर बसली. शकुबाईंनी डोळे घट्ट मिटले; पण जागच्या हलल्या नाहीत.

"कोणती?"

मल्हारींनी या वेळी नीट पाहिलं. "दोन."

"नक्की?"

"नक्की."

"मग बसू द्या तिला. कात्री आणा, हाराला उशीर होतोय."

मल्हारी दुखरा हात सांभाळत घरात गेले. कात्री घेऊन परत आले, तेव्हा माशी केव्हाच उडून गेली होती. शकुबाईंचा हात मात्र अजून तसाच पुढे होता.