तेरा इंची सूड

बेरिल हॉटननं सख्ख्या भावावर डूख धरला त्याला दीड वर्ष झालं होतं. माणसं म्हणतात, काळ गेला की राग ओसरतो. म्हणणाऱ्यांना भाऊ नसावेत. बेरिलचा राग लोणच्यासारखा मुरत गेला होता.

निमित्त एका वाक्याचं. रोलंडच्या गॅरेजात दोघांनी मिळून पाच हिवाळे एक गाडी जोडली होती. किटची गाडी, म्हणजे सांगाडा आणि सुटे भाग खोक्यांतून येतात आणि उरलेली सगळी हमाली घरी. बुटकी, बिनछपराची, दोन माणसं कशीबशी मावतील अशी. हॅरोक्लफच्या चढणीवर दर वर्षी शर्यती व्हायच्या. एकेक गाडी एकटीच सुटायची आणि माथ्यावर पोचायला किती सेकंद लागले ते मोजायचे. त्या चढणीवर या गाडीनं विक्रम केला. रोलंडला चांदीचा पेला मिळाला, आणि क्लबच्या मासिकात त्यानं चार पानं लिहिली. 'ब्रेकच्या नळ्या मी वळवल्या, गिअर मी जुळवले, चाकं मी निवडली.' शेवटच्या परिच्छेदात एकच वाक्य तिच्या वाट्याला आलं होतं: 'थंडीत माझी बहीण बेरिल न कंटाळता चहा करून आणत असे.'

ट्रॅक्टरच्या गिअरपेट्या बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं ड्रॉइंग काढलेली बाई ती. किट बनवणारे चाकं आणि टायर देत नाहीत, ते ज्याचे त्यानं ठरवायचे, आणि अशी गाडी घडते किंवा बिघडते ती तिथेच. त्या चाकांपायी बेरिलनं एक अख्खा फेब्रुवारी आकडेमोडीत घालवला होता. गाडीचं वजन, गिअरचे दाते, चढणीवरची वळणं, सगळं मांडून तिनं माप काढलं होतं. रोलंड त्या काळात विजेरी धरून उभा असायचा, आणि तीही भलतीकडे.

मासिक आल्यावर तिनं भांडण केलं नाही. भांडून काय मिळणार होतं? क्लबातली माणसं म्हणाली असती, बाई रागावली, चहाचं कौतुक कमी पडलं वाटतं. तिला तिचं काम तिच्या नावावर हवं होतं, आणि ते रोलंडच्याच तोंडून हवं होतं. दुसऱ्या कुणी सांगून ते पटण्यातलं नव्हतं.

मग रोलंडनं एक शहाणपणा केला. तिला न विचारता ती गाडी विकून टाकली. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मिस ओल्ड्रॉयडनं ती घेतली. बाईंनी तोवर सायकलपेक्षा वेगवान काही चालवलं नव्हतं. रोलंडनं नवं किट मागवलं, दीडपट ताकदीचं इंजिन घेतलं, आणि 'प्लाऊ' पबात बसून सांगितलं की मे महिन्यात आपण चाळीस सेकंदांच्या आत वर पोचणार. विक्रम होता पावणेबेचाळीसचा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

गाडी मार्चमध्ये उभी राहिली, पण विटांवर. कारण चाकं. जुन्या गाडीचं माप त्याला पाठ होतं. पण ते तेच का, हे त्याला कधी कळलंच नव्हतं. नव्या इंजिनाला, नव्या गिअरपेटीला ते चालेल का, हे कुणाला विचारायचं? क्लबात विचारावं तर चार पानं अंगावर येणार. एका सोमवारी त्याचा बेरिलला फोन आला. बऱ्याच दिवसांत भेट नाही, म्हणाला, रविवारी दुपारी येऊ का? बेरिल म्हणाली, ये.

तो आठवडा तिनं मोठ्या सुखात घालवला. इस्त्री करताना, चॅपलमध्ये प्रार्थना चालू असताना, ती एकच विचार करत होती, याला कुठलं खोटं माप सांगावं. पंधरा इंची? रुंद टायर? पण खोट्याची एक अडचण असते, ते आपल्याला सांभाळावं लागतं. उद्या उघडं पडलं तर लोक म्हणणार, बहिणीनं भावाला फसवलं. शिवाय चाक चुकीचं बसून कुठे घासलं, फाटलं, तर? तिला त्याचं नाक हवं होतं, मान नको होती.

शनिवारी ती भावाच्या स्वभावाचा विचार करत बसली आणि तिला हसू फुटलं. लहानपणी दोन मुठी पुढे करून ती सांगायची, गोळी डाव्या मुठीत आहे. ती दर वेळी खरंच सांगायची आणि तो दर वेळी उजवी उघडायचा. पुढे भंगारवाल्यानं एकदा सांगितलं, ही गिअरपेटी चांगली आहे, घेऊन जा. एवढ्यावरून रोलंडनं ती सोडून शेजारची फुटकी आणली. चोराच्या मनात चांदणं. स्वतः पानंपानं खोटं लिहिणाऱ्याला जगात दुसरं कुणी खरं बोलत असेल हे पटणार कसं? बेरिलनं ठरवलं, त्याला खरं सांगायचं. अगदी दशांशापर्यंत खरं.

रविवारी तो पोर्क-पाय, म्हणजे डुकराचं मटण भरलेली भाजणी, घेऊन आला. हवामान झालं, गुडघेदुखी झाली, मग त्यानं सहज आठवल्यासारखं चाकांचं काढलं.

"तसं मी ठरवलंच आहे म्हणा," तो म्हणाला. "पण तुला काय वाटतं ते बघू म्हटलं."

बेरिलनं त्याला गाडीचं वजन विचारलं, गिअरपेटीचे आकडे विचारले, मागच्या आसाच्या दात्यांचा आकडा विचारला. एकही त्याला तोंडी येईना. खिशातला कागद काढून वाचून दाखवावा लागला. तिनं पाकिटाच्या पाठीवर दहा मिनिटं हिशेब केला आणि पाकीट त्याच्यापुढे सरकवलं.

"तेरा इंची चाक, सहा इंच रुंद. टायर एकशेपंच्याऐंशी-साठ. चारी सारखे."

"म्हणजे जुनंच माप?" तो म्हणाला. "अगं, इंजिन केवढं आहे बघितलंस का? सगळे आता सतरा इंची लावतात."

"सगळ्यांच्या गाड्या जड असतात. तुझी गाडी म्हणजे रिकामं खोकं. रुंद टायर तापायच्या आत तू माथ्यावर पोचलेला असशील, आणि गार टायर रस्ता धरत नाही. मोठं चाक लावलंस तर गिअर लांब पडतील, वळणातून निघताना इंजिन मरेल. आणि जे काही लावशील ते गाडी जमिनीवर ठेवून, आत माणूस बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून तपास. विटांवर ठेवून मापू नकोस."

रोलंड तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत हळूहळू ती जुनी हुशारी आली, उजवी मूठ उघडायची.

"माझ्यावर राग नाही ना तुझा, त्या लेखावरून?"

"आहे," बेरिल म्हणाली.

ते मात्र त्यानं लगेच मानलं. पाकीट खिशात घातलं, आभार मानले आणि जाताना दारात स्वतःशीच हसला.

पुढचे सहा आठवडे बेरिलला झोप नीट लागली नाही. माणूस म्हातारपणी सुधारतो म्हणतात. चौपन्नाव्या वर्षी याला नेमकी बुद्धी सुचली तर? मग माप तिचं, विक्रम त्याचा, आणि मासिकात आणखी चार पानं. तिनं स्वतःच्या हातानं त्याला दुसरा पेला दिल्यासारखं झालं असतं.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी हॅरोक्लफच्या पायथ्याशी रोलंडनं गाडीवरची ताडपत्री ओढली, आणि बेरिलचा जीव भांड्यात पडला. सतरा इंची! चकचकीत, बशीएवढ्या रुंद कडांची चाकं, त्यांवर दोनशेपाचचे, तिनं सांगितल्यापेक्षा रुंद टायर. बुटक्या गाडीला ती चाकं अशी दिसत होती की धाकट्यानं थोरल्याचे बूट घालावेत. लोक जमले, वाहवा झाली. रोलंडनं गर्दीतून तिला डोळा मारला. जवळून जाताना पुटपुटला, "नाही सापडलो तुझ्या जाळ्यात, बघ." बेरिलनं मान खाली घातली. त्याला वाटलं, ती शरमली.

गाड्या तपासण्याचं काम म्हाताऱ्या बिन्सकडे असायचं. बेरिल त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, ते स्टिअरिंग जरा दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, कुठे घासत नाही ना. बिन्सनं फिरवून बघितलं. घासत नव्हतं. तिनं मनापासून देवाचे आभार मानले, आणि मग पुढचा तमाशा बघायला मेंढ्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसली.

रोलंड सुटला तोच गुरगुरत, बैल चिखलातून गाडा ओढतो तसा. पहिल्या वळणात पुढची चाकं बर्फावर असल्यागत सरळच गेली, गाडी गवताला लागून आली. वरच्या चिमटीएवढ्या वळणातून बाहेर पडताना इंजिन खोकलं. साडेपंचेचाळीस सेकंद. दुसऱ्या फेरीला त्यानं दात खाऊन चालवली, पंचेचाळीस. तिसऱ्या फेरीला आणखी जोर लावला आणि आणखी हळू गेला. त्याच्यामागून मिस ओल्ड्रॉयड त्याच्याच जुन्या गाडीतून, त्याच जुन्या तेरा इंची चाकांवर, चष्मा सावरत वर गेल्या. त्रेचाळीस सेकंद. बाईंनी वर पोचून घड्याळवाल्याला विचारलं म्हणे, की हे चांगलं आहे का वाईट.

संध्याकाळी तंबूत निकाल वाचला गेला तेव्हा कुणी रोलंडला सोडलं नाही. एक म्हणाला, चाकं फार सुंदर आहेत, भिंतीवर टांग. दुसरा म्हणाला, स्वतःचाच विक्रम मोडायचा असेल तर गाडी विकायची नसते, रोलंड. तो लाल होत गेला, मग जांभळा. आणि कोपऱ्यात बेरिल दिसली. ती हसत नव्हती. नुसती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत त्याला सगळं दिसलं.

"हिनं केलं हे!" तो ओरडला. "हिनं मला फसवलं!"

 बिन्सनं हातातला कागद खाली ठेवला.

"काय केलं बेरिलनं?"

"हिनं मला खरं सांगितलं! मुद्दाम! मार्चमध्ये मी हिच्या घरी गेलो, हिनं हिशेब करून तेराच इंच सांगितलं, एकशेपंच्याऐंशी-साठ, सगळं बरोबर. हिला ठाऊक होतं मी ऐकणार नाही. हे बघा, हिच्या हातचं!" आणि त्यानं खिशातून ते पाकीट काढून बिन्सच्या नाकासमोर धरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

बिन्सनं चष्मा लावून पाकिटावरचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. 

"हे उत्तम आहे," तो म्हणाला. "पण एक समजलं नाही मला. जुनी चाकं तूच निवडली होतीस ना? मग हे विचारायला तू हिच्याकडे कशाला गेलास?"

  रोलंडनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि प्रत्येक चेहऱ्यावर तीच चार पानं उलटी वाचली जात होती.

बेरिलला वाटलं होतं, या क्षणी थोडी दया येईल. सख्खा भाऊ शेवटी. ती वाट बघत थांबली. दया आली नाही. छातीत नुसतं ऊबदार, भरपूर सुख होतं, आणि त्याची तिला काडीची लाज वाटली नाही.

तेवढ्यात मिस ओल्ड्रॉयड वही उघडून तिच्यासमोर येऊन बसल्या. "मिस हॉटन," त्या म्हणाल्या, "टायरमध्ये मी हवा किती ठेवू? मला आत्तापर्यंत कुणी सांगितलंच नाही." त्यांच्यामागे आणखी दोघं खुर्च्या ओढत आले, मग बिन्सही आला. रोलंड तंबूच्या दाराशी पोचला होता. निघून जावं की थांबावं हे न कळून, पाठ फिरवून, पण कान देऊन उभा.

बेरिलनं ते बघितलं, आणि त्याला नीट ऐकू जावं म्हणून आवाज थोडा चढवला.

"अठरा पौंड," ती म्हणाली. "आणि विश्वास बसत नसेल, तर दुसरं काही घालून बघा."